सावलीत न दिसणारा रंग

मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ मागे पडलं की पिंगुळी येतं. भाविकांना हे गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे ठाऊक असतं आणि कलारसिकांना गुढीपूर वाडीतल्या ठाकर कलावंतांमुळे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने वाढलेल्या त्यांच्या कला आज पाहायला मिळतात, त्यात परशुराम गंगावणे यांचा वाटा मोठा आहे. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या वाडीत गोष्ट सांगायच्या तीन तऱ्हा आहेत. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो आणि दिव्यापुढे बाहुली नाचते. चामडं रंगवलेलं असलं तरी पडद्यावर राज्य चालतं ते आकाराचं. चित्रकथीत पडदा नसतो. पोथीतलं रंगीत चित्र थेट लोकांसमोर धरायचं, त्याची कथा गाऊन झाली की पुढचं चित्र काढायचं. कळसूत्री बाहुल्यांचा सगळा प्राण दोरीत असतो.

एका आजाराची गोष्टही या तीन तऱ्हांनीच सांगता येते. अन्ननलिकेला कर्करोग होण्याआधीची एक अवस्था असते, तिला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. ती ओळखायला डॉक्टरांना कित्येक दशकं लागली, कारण ते बराच काळ सावली पाहत होते आणि आजार रंगात लपला होता.

पित्त नावाचं एक गाठोडं

“जेवान झाल्यार आडवो पडलंय की आंबट पाणी घशाशी येता.” सिंधुदुर्गात कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर हे वाक्य ऐकायला मिळेल. घरचं उत्तरही ठरलेलं असतं. “पित्त झाला असतला, आमसुलाचा पाणी घे.”

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी बांधलेल्या आहेत. अंगावर गांधी उठतात तेही पित्त, यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस तेही पित्त, आणि छातीत जळजळतं तेही पित्त. आमसूल अंगाला चोळतात ते पहिल्या पित्तावर. आपला संबंध तिसऱ्याशी आहे आणि त्यातला मुख्य आरोपी आहे जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल.

अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची असते. तिचं आतलं अस्तर गालाच्या आतल्या त्वचेसारखं, चपट्या पेशींच्या थरांचं. घास घसरत जावा म्हणून ते उत्तम आहे, पण आम्ल सोसायला घडवलेलं नाही. जठराचं अस्तर उभ्या, खांबासारख्या पेशींचं असतं आणि ते स्वतःवर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप देत राहतं. दोन्हींच्या सीमेवर स्नायूंची एक झडप असते. ती सैलावली किंवा जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या भोकातून छातीत सरकला, तर आम्ल वर चढतं.

कौलारू घराचं उदाहरण घ्या. दर पावसाळ्यात एकाच जागची कौलं फुटत राहिली, की मालक कंटाळून तेवढ्या भागावर पत्रा टाकतो. अन्ननलिका तेच करते. आम्लाने सोललेल्या जागी पुन्हा चपट्या पेशी येण्याऐवजी आतड्यातल्यासारख्या उभ्या पेशी उगवतात. हीच बॅरेट अन्ननलिका. पत्रा पाऊस अडवतो, पण त्याला गंज चढू शकतो. या बदललेल्या पेशींपैकी थोड्या पेशी पुढे वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि त्यातल्याही काहींचा कर्करोग होतो.

यातली मेख पुढे आहे. नवं अस्तर आम्लाला कमी बोचरेपणाने प्रतिसाद देतं. म्हणून कित्येकांची जळजळ त्याच सुमारास कमी होते आणि माणूस म्हणतो, “आता बरं आहे.” उलट रोज जळजळणाऱ्या बहुतेकांच्या अन्ननलिकेत बॅरेटचा मागमूसही नसतो. जळजळीच्या जोरावरून आतलं अस्तर ओळखता येत नाही.

ज्याचं चुकलं त्याचंच नाव

नॉर्मन बॅरेट 1903 साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे जन्मले आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात छातीचे शल्यविशारद झाले. फाटलेली अन्ननलिका यशस्वीपणे शिवण्याचा पहिला मान 1947 साली त्यांना मिळाला. 1950 साली त्यांनी एक लेख लिहिला. काही रुग्णांच्या छातीतल्या नळीला जठरासारखं अस्तर दिसतं, तेव्हा ती अन्ननलिका नाहीच, असं त्यांचं म्हणणं होतं. अन्ननलिका जन्मतः आखूड राहिल्यामुळे जठरच वर ओढलं गेलं आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

तीन वर्षांनी फिलिप ॲलिसन आणि जॉनस्टन या दोघांनी दाखवून दिलं, की ती अन्ननलिकाच आहे. तिचे स्नायू, तिच्या ग्रंथी सगळं अन्ननलिकेचं होतं, फक्त अस्तर बदललेलं होतं. 1957 मध्ये बॅरेटनी आपली चूक मान्य केली. तरी आजाराला नाव पडलं ते बॅरेटचंच. वैद्यकाच्या इतिहासात अशी गंमत अधूनमधून घडते. इथे मात्र नाव मिळालेल्या माणसाने स्वतःचं मत जाहीरपणे बदललं, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

दिवा कुठे ठेवायचा?

अन्ननलिकेत डोकावण्याची पहिली हिकमत एका खेळ करणाऱ्या माणसामुळे जमली. 1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या कलावंताला बोलावलं आणि त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी खाली उतरवली. नळी गेली, पण दिसलं फारसं काही नाही. दिवा बाहेर होता आणि त्याचा उजेड तळापर्यंत पोहोचेना.

मग क्ष-किरण आले. रुग्णाला बेरियमचं पांढरं द्रावण पाजायचं आणि नळीची छाया फिल्मवर पाहायची. हा आमच्या पिंगुळीचा छायाबाहुल्यांचा खेळच. नळी कुठे अरुंद झाली आहे, कुठे गाठ आहे, कुठे ओहोटीसारखं द्रावण मागे फिरतंय, हे सावलीत छान कळतं. पण बॅरेटमध्ये नळीचा आकार बहुधा शाबूत असतो. बदलतो तो रंग. निरोगी अस्तर फिकट, मोतिया गुलाबी. बदललेलं अस्तर तांबूस, मखमलीसारखं. सावलीला रंग नसतो, त्यामुळे बेरियमच्या तपासणीत हा आजार सहज निसटतो.

चित्रकथीसारखं चित्र थेट समोर यायला हवं होतं, आणि ते आणण्यात एका भारतीयाचा हात आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे इंग्रज मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 साली केसांइतक्या बारीक काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं, हे दाखवलं. ते वाचून अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण बनवली आणि 1957 साली ती आधी स्वतःच गिळली. दिवा आता माणसाच्या आत पोहोचला होता.

पोथीची पानं

आज ‘एंडोस्कोपी करून घ्या’, म्हणजे ही दुर्बीण घालून घ्या, म्हटलं की लोक बिचकतात. प्रत्यक्षात सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवायचं असतं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर झोपेचं हलकं औषध देतात. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. तपासायला अस्तराचे बारीक तुकडे काढतात, तेव्हा दुखत नाही.

चांगला डॉक्टर घाई करत नाही. बॅरेटच्या प्रत्येक सेंटिमीटरसाठी निदान एक मिनिट पाहावं, असा संकेत आहे. तांबूस पट्टा किती वर चढला आहे, हे ‘प्राग’ पद्धतीने लिहितात. रिपोर्टवर सी आणि एम ही अक्षरं दिसतील. सी म्हणजे पूर्ण वर्तुळाकार पट्टा किती सेंटिमीटर, आणि एम म्हणजे त्यातली सर्वांत लांब जीभ किती सेंटिमीटर. एक सेंटिमीटरपेक्षा कमी बदलाला सहसा बॅरेट म्हणत नाहीत. त्यानंतर दर दोन सेंटिमीटरवर चारही बाजूंनी एकेक तुकडा घ्यायचा, याला ‘सिॲटल’ पद्धत म्हणतात. शंकास्पद जागेचे तुकडे वेगळे. कधी निळा-हिरवा उजेड वापरून रक्तवाहिन्यांची नक्षी पाहतात, तर कधी पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, फवारतात. त्याने अस्तर पांढरं पडतं, आणि ज्या जागेचा पांढरेपणा इतरांच्या आधी उडतो ती जागा संशयाची.

अन्ननलिका आधीच लाल, सुजलेली असेल, तर डॉक्टर दोन-तीन महिने औषध देऊन पुन्हा बोलावतात. सुजेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या पेशींचं सोंग घेतात.

पुढचा निवाडा पॅथॉलॉजिस्टचा. तुकड्यात आतड्यातल्यासारख्या गोल, श्लेष्म्याने फुगलेल्या ‘गॉब्लेट’ पेशी दिसल्या, की निदानावर शिक्का बसतो. मग पान कितवं, ते ठरतं. डिसप्लेसिया, म्हणजे पेशींची वेडीवाकडी वाढ, नाही, हे पहिलं पान. लो ग्रेड डिसप्लेसिया हे दुसरं, हाय ग्रेड हे तिसरं. चौथं पान कर्करोगाचं. दुसऱ्या पानाचं निदान आलं, तर तेच तुकडे दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्यावेत. इथे जाणकारांतही मतभेद होतात आणि त्यावर पुढचे उपचार अवलंबून असतात.

पान आपोआप उलटत नाही

‘कर्करोगाच्या आधीची अवस्था’ हे शब्द ऐकले की घरात सुतक पडतं. त्याला उत्तर आकड्यांत आहे. डेन्मार्कमध्ये बॅरेटच्या 11,028 रुग्णांचा मागोवा घेतलेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. दर वर्षी 0.12 टक्के, म्हणजे हजारांत एकाच्या आसपास रुग्णांना कर्करोग झाला. चित्रकथीत पहिल्या चित्रानंतर दुसरं येतंच. बॅरेटच्या बहुसंख्य रुग्णांत मात्र पोथी पहिल्या पानावरच उघडी राहते. तिसऱ्या पानावर चित्र वेगळं आहे. तिथे दर वर्षी शंभरात सहा-सात जणांपर्यंत धोका जातो.

म्हणून उपचारही पानागणिक बदलतात. डिसप्लेसिया नसेल आणि पट्टा तीन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर पाच वर्षांनी पुन्हा दुर्बीण. पट्टा त्याहून लांब असेल, तर तीन वर्षांनी. लो ग्रेडची खात्री पटली, तर तो भाग काढून टाकणं किंवा आधी सहा-सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला तपासणी, हे दोन रस्ते असतात. हाय ग्रेडला वाट पाहत बसायचं नसतं.

पूर्वी या टप्प्यावर अख्खी अन्ननलिका काढत. आता दुर्बिणीतूनच उंचवटा दिसणारा भाग सोलून काढतात आणि उरलेल्या तांबूस अस्तराला रेडिओलहरींच्या उष्णतेने भाजतात. फुग्यावर गुंडाळलेल्या तारांनी फक्त वरचा पापुद्रा जळतो. त्यानंतर आम्ल दाबून ठेवलं, की त्या जागी पुन्हा चपट्या पेशींचं मूळ अस्तर येतं. पत्रा काढून परत कौलं बसवावीत, तसं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 127 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर हाय ग्रेड गटातल्या 81 टक्के रुग्णांचा डिसप्लेसिया नाहीसा झाला होता. लुटुपुटीचा उपचार झालेल्यांत हे प्रमाण 19 टक्के होतं. फुकट काहीच नसतं. काही रुग्णांची नळी नंतर आकसते आणि फुग्याने रुंदवावी लागते.

गोळ्यांचं काय? पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल या जातीच्या गोळ्या आम्ल तयार करणारे पंप बंद करतात. त्या नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवण झाल्यावर जळजळलं म्हणून घेतलेली गोळी निम्मी वाया जाते. बॅरेट ठरलेल्याला त्या बहुधा कायम लागतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत 2,557 रुग्णांना जवळजवळ नऊ वर्षं तपासलं. तिचे निष्कर्ष 2018 साली आले. इसोमेप्राझोलची मोठी मात्रा आणि ॲस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांत बिघाड लांबला. म्हणून कुणी मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून सुरू करू नये. ॲस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होतो, तो हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा.

घरचे उपाय साधे आहेत. पोटाचा घेर कमी करा, विडी-सिगारेट सोडा, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा चिऱ्याचे तुकडे सरकवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. उशा रचून हे साधत नाही. त्याने पोटच दुमडतं.

दोरीवरचा खेळ

दुर्बीण प्रत्येकाच्या घशात घालणं शक्य नाही. इंग्लंडात केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने यावर कळसूत्री तोडगा काढला. दोरीला बांधलेली एक कॅप्सूल गिळायची, दोरीचं टोक बाहेर धरायचं. काही मिनिटांत वेष्टन विरघळतं आणि आत दाबून बसवलेला सुमारे तीन सेंटिमीटरचा स्पंज जठरात उमलतो. दोरी ओढली, की तो नळीभर पेशी खरवडत वर येतो. मग प्रयोगशाळेत त्या पेशींत एका विशिष्ट प्रथिनाची खूण शोधायची. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जळजळीची औषधं घेणाऱ्या तेरा हजारांवर लोकांपैकी ज्यांना ही सोय देऊ केली होती, त्या गटात बॅरेटचे 140 रुग्ण सापडले. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटात 13. आपल्याकडे आजही खात्रीचा मार्ग म्हणजे दुर्बीणच.

आपल्या किनाऱ्याचं वेगळं चित्र

इथवर वाचून कोकणातल्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅरेटमधून होणारा कर्करोग हा मुख्यतः गोऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या पुरुषांचा आजार म्हणून पाश्चात्त्य देशांत वाढला. भारतात अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग मूळच्या चपट्या पेशींतूनच उगवतात. त्यांचं मुख्य कारण आम्ल नसून तंबाखू आणि दारू आहे.

हे मुंबईतच फार आधी दिसलं होतं. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 पासून मुंबईत कर्करोगाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातली पहिली नोंदवही. 1971 साली जस्सावाला आणि देशपांडे यांनी तंबाखू चघळणारे आणि ओढणारे यांचा हिशेब मांडला, त्यात तोंड आणि घशाबरोबर अन्ननलिकाही होती. तंबाखूचा रस थुंकला तरी थोडा गिळला जातोच, आणि तो जातो या 25 सेंटिमीटरच्या नळीतून. सुपारी, गुटखा आणि दात घासायला वापरतात ती भाजक्या तंबाखूची मिश्री, ही सगळी याच वाटेची. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. मिश्रीला मात्र घरातल्या बायकांनी औषधाचा मान दिलेला असतो. “मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते,” असं सांगणाऱ्या आजीला मिश्री म्हणजेच तंबाखू, हे घरातल्यांनी समजावायला हवं. 65 अंशांवरच्या अति गरम पेयांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली संशयितांच्या यादीत घातलं.

चपट्या पेशींच्या या कर्करोगाचीही आधीची अवस्था असते आणि तीही रंगानेच पकडतात. दुर्बिणीतून आयोडीनचं द्रावण फवारलं, की निरोगी चपट्या पेशी त्यांच्यातल्या साठवणीच्या साखरेमुळे गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ती साठवण उरलेली नसते, म्हणून तेवढा डाग फिकट राहतो. वेळेत सापडलेला असा डाग दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो.

दुर्बीण कुणी करावी?

सरसकट सगळ्यांनी मुळीच नाही. जळजळ पाच वर्षांहून जुनी आहे, वय पन्नाशीच्या पुढे आहे, पोट सुटलेलं आहे, धूम्रपान आहे, घरात कुणाला बॅरेट किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे, यांतल्या तीन-चार गोष्टी एकत्र आल्या, तर एकदा दुर्बीण करून घ्यावी. त्यात काही निघालं नाही, तर दरवर्षी करत बसू नये.

काही खुणांना मात्र वय नाही आणि थांबणंही नाही. भाकरीचा घास अडकू लागणं, मग पेजेवर यावं लागणं, वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं. घास अडकल्यावर माणसं पाण्याच्या घोटाने तो ढकलतात आणि असे महिने काढतात. ते महिनेच महाग पडतात. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तर पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. घास पहिल्यांदा अडकला, त्याच आठवड्यात जा.

आणि दुर्बिणीचा रिपोर्ट, त्यातली छायाचित्रं, तुकड्यांचा निकाल आणि मिळाल्या तर काचपट्ट्याही एका पिशवीत जपून ठेवा. पान उलटलं की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना आधीचं पान लागतं.